मॉफॅटच्या घळीतल्या अळ्या: रक्स्टन खटला आणि जीवशास्त्राची साक्ष

29 सप्टेंबर 1935, रविवार. स्कॉटलंडच्या दक्षिणेला मॉफॅट नावाचं गाव आहे. तिथून उत्तरेला साधारण दोन मैलांवर एडिंबरोचा रस्ता एका पुलावरून जातो आणि पुलाखाली गार्डनहोम लिन ही खोल घळ आहे. पुलावर थांबलेल्या एका तरुणीला खाली ओढ्याच्या काठी कापडाचं गाठोडं दिसलं आणि त्यातून बाहेर आलेला माणसाचा हात. पोलिसांनी घळ, ओढा आणि आसपासचा परिसर पिंजून काढला. पुढच्या काही आठवड्यांत जे हाती लागलं त्यात दोन डोकी, धडाचे भाग, हातपाय आणि मांसाचे तुकडे मिळून सुमारे 70 नग होते. ते चादर, उशीचे अभ्रे, लहान मुलाचे कपडे आणि वर्तमानपत्रं यांत गुंडाळलेले होते.

रक्स्टन प्रकरण म्हणून हा खटला ओळखला जातो, आणि बहुतेक ठिकाणी त्याची ओळख ‘फोटोवर कवटी बसवून ओळख पटवलेला खटला’ एवढीच सांगितली जाते. ते खरं आहे, पण अर्धं. किडे, पाऊस, ओढ्याचा पूर या निसर्गातल्या गोष्टी तारीख ठरवायला कशा कामी येतात हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या ब्रिटिश प्रकरणांपैकी हे एक आहे. त्या तारखेचं वजन कशात होतं आणि कुठे नव्हतं, हे नीट समजलं तर आजही पंचनामा करताना हाताला वेगळी सवय लागते.

आधी माणसं

डॉ. बक रक्स्टन हा मूळचा मुंबईचा. 1899 मध्ये पारशी कुटुंबात जन्म, 1922 मध्ये मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी, आणि 1930 पासून इंग्लंडमधल्या लँकेस्टर गावात डाल्टन स्क्वेअरमध्ये दवाखाना. घरात इझाबेला, जिच्याशी कायद्याने लग्न झालेलं नव्हतं पण जी पत्नी म्हणूनच राहत होती, त्यांची मुलं, आणि मुलांना सांभाळणारी वीस वर्षांची मेरी रॉजरसन. शनिवार 14 सप्टेंबरला इझाबेला बहिणींना भेटायला ब्लॅकपूलला गेली आणि रात्री उशिरा गाडी चालवत परत निघाली. त्यानंतर ती कोणाला दिसली नाही. मेरीही दिसली नाही. दोघी एडिंबरोला गेल्या, असं रक्स्टन सांगत राहिला.

घळीतले देह कापणाऱ्याला शरीररचना चांगली माहीत होती. करवत कुठेही वापरलेली नव्हती, सगळे सांधे सुरीने मोकळे केलेले होते. ओळख पटेल असं जे जे, ते काढून टाकलेलं होतं: डोळे, नाक, ओठ, कान, बरेचसे दात, एका देहाच्या बोटांची टोकं. मेरीच्या डोळ्यात तिरळेपणा होता, म्हणून डोळे नाहीत. इझाबेलाचे घोटे जाड होते, म्हणून पायावरचं मांस नाही. सुरुवातीला तर एक देह पुरुषाचा वाटला होता.

ग्लासगोचे न्यायवैद्यक प्राध्यापक जॉन ग्लेस्टर आणि एडिंबरोचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ब्रॅश यांनी तुकड्यांतून दोन देह जुळवले. जिवंतपणीच्या छायाचित्रांवर कवट्यांची छायाचित्रं त्याच कोनातून आणि त्याच मापात बसवली. पावलांचे साचे करून ते दोघींच्या बुटांत घालून पाहिले. ग्लासगो पोलिसांच्या ठसेतज्ज्ञाने मेरीच्या हाताचे ठसे घरातल्या वस्तूंवरच्या ठशांशी जुळवले. गाठोड्यातला एक ब्लाउज मेरीच्या सावत्र आईने काखेत लावलेल्या ठिगळावरून ओळखला. कोण मेलं, हा प्रश्न असा सुटला. राहिला प्रश्न ‘केव्हा’चा.

तारखेच्या तीन भिंती

पहिली भिंत कागदाची. गाठोड्यांत ‘संडे ग्राफिक’च्या 15 सप्टेंबरच्या अंकाची पानं होती आणि ती साधी पानं नव्हती. मोरकॅम्बच्या जत्रेतल्या राणीची बातमी असलेली ती स्थानिक आवृत्ती होती, फक्त लँकेस्टर-मोरकॅम्ब भागात वाटलेली, सुमारे 3,700 प्रती. तपास लँकेस्टरकडे वळला तो या पानामुळे. पण तारखेच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की गाठोडी 15 तारखेच्या आधी बांधलेली नाहीत. पाच दिवसांनी बांधली असती तरी कागद तोच राहिला असता.

दुसरी भिंत पाण्याची. 18 आणि 19 सप्टेंबरला त्या डोंगरात जोराचा पाऊस झाला आणि ओढ्याला पूर आला. काही तुकडे नेहमीच्या पातळीपेक्षा वर, काठावर अडकलेले सापडले. पाणी चढलं तेव्हा ते घळीत होते आणि उतरलं तेव्हा वर राहिले, हाच त्याचा सरळ अर्थ. म्हणजे निदान काही गाठोडी 19 तारखेच्या आत पडलेली होती. ओढ्याची पूररेषा हा जलशास्त्रीय पुरावा आहे, आणि असा पुरावा पंचनाम्यात आला नाही तर आठवड्याभरात पुसला जातो. काठावरचा गाळ वाळतो, वाहून आलेला पालापाचोळा उडून जातो, पुढचा पाऊस नवी रेषा ओढतो.

तिसरी भिंत अळ्यांची.

अळीचं वय कसं काढतात

देहांवरच्या अळ्या ग्लासगो विद्यापीठातल्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांच्याकडे गेल्या. त्यांनी त्या कॅलिफोरा जातीच्या ठरवल्या. तेव्हाचं नाव कॅलिफोरा एरिथ्रोसेफाला, आज हीच माशी कॅलिफोरा व्हिसिना म्हणून ओळखली जाते. घोंघावणारी, पोटावर निळसर चकाकी असलेली ही माशी युरोपात गावागावात आढळते. मेलेल्या प्राण्यावर सर्वांत आधी पोचणाऱ्यांत तिचा नंबर लागतो. मर्न्स यांच्या मते अळ्या तिसऱ्या अवस्थेतल्या आणि साधारण 12 ते 14 दिवसांच्या होत्या.

तिसरी अवस्था कशी ओळखायची? अळी सूक्ष्मदर्शकाखाली मागच्या बाजूने उभी धरायची. निमुळतं टोक तोंडाचं, बोथट टोक मागचं. त्या बोथट टोकावर दोन तपकिरी चकत्या दिसतात, ती श्वासरंध्रं. अळी दोनदा कात टाकते आणि प्रत्येक वेळी चकतीवरच्या फटी वाढतात. दुसऱ्या अवस्थेत प्रत्येक चकतीवर दोन फटी, तिसऱ्या अवस्थेत तीन. एकदा डोळा बसला की यात चूक होत नाही. लांबीवर मात्र विसंबता येत नाही, कारण तिसऱ्या अवस्थेतली अळी खाऊन पूर्ण वाढते आणि मग कोष करायच्या आधी पुन्हा आखडते. लांबी सारखी असलेल्या दोन अळ्यांपैकी एक वाढत असते आणि दुसरी आक्रसत असते. फरक अन्नपिशवीत दिसतो. खाणाऱ्या अळीच्या पारदर्शक कातडीतून पुढच्या भागात काळपट पिशवी दिसते. खाणं संपवलेल्या अळीत ती रिकामी होऊन दिसेनाशी होते.

अवस्थेवरून दिवस काढायचे तर तापमान लागतं. अळीचं शरीर स्वतःची ऊब राखत नाही, ती बाहेरच्या उष्णतेवर वाढते. म्हणून हिशेब दिवसांचा न करता ‘अंश-दिवसांचा’ करतात: रोजच्या सरासरी तापमानातून पायाभूत तापमान, म्हणजे ज्याखाली वाढ थांबते ते, वजा करायचं आणि उरलेले अंश रोज जमा करत जायचे. कॅलिफोरा व्हिसिनासाठी एका रशियन अभ्यासात पायाभूत तापमान 2 अंश सेल्सिअस धरलं आहे, आणि अंड्यापासून माशी बाहेर पडेपर्यंत सुमारे 388 अंश-दिवस लागतात असं निघालं आहे. सरासरी 20 अंशांच्या खोलीत रोज 18 अंश-दिवस जमा होतात, म्हणजे साडेएकवीस दिवस. सरासरी 12 अंशांच्या घळीत रोज 10 जमा होतात, म्हणजे जवळजवळ 39 दिवस. आता सरासरी 12 नसून 11 होती असं समजा. रोजचे 9 झाले आणि उत्तर 43 दिवसांवर गेलं. एका अंशाची चूक, चार दिवसांचा फरक. थंड प्रदेशात ही चूक जास्त महागात पडते, कारण पायाभूत तापमान वजा केल्यावर हातात उरणारी संख्याच लहान असते.

या पुराव्यात काय कमी होतं

देह 29 सप्टेंबरला दिसले आणि तपासणी पुढच्या दिवसांत झाली. तिथून 12 ते 14 दिवस मागे गेलं तर अंडी घातल्याचा दिवस साधारण 15 ते 19 सप्टेंबरच्या पट्ट्यात पडतो. कागदाची भिंत 15 ला, पुराची 19 ला, आणि अळ्यांचा पट्टा नेमका त्या दोन्हींच्या मधे. तीन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी आल्या, आणि या पुराव्याचं खरं बळ तेच होतं.

अळ्या एकट्या उभ्या केल्या असत्या तर आजच्या कसोटीवर त्यांची बरीच उलटतपासणी झाली असती. घळीतलं तासागणिक तापमान कोणी नोंदलेलं नव्हतं. झाडीने झाकलेल्या, ओढ्याच्या काठच्या घळीतली हवा आणि मोकळ्या माळावरची हवा यांत काही अंशांचा फरक सहज असतो. गाठोडी बांधलेली होती. गुंडाळलेल्या देहापर्यंत पोचायला माशीला वेळ लागतो. हवाईमध्ये कीटकतज्ज्ञ ली गॉफ यांनी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या डुकरावर प्रयोग केला तेव्हा अंडी पडायला अडीच दिवस उशीर झाला. देह आधी घरात, बंद खोलीत काही काळ होते. पहिली अंडी घरातच पडली की घळीत, हे अळीवरून कळत नाही, आणि घरातली ऊब व घळीतला गारवा यांचा हिशेब वेगवेगळा लागतो.

म्हणून सगळ्यांत महत्त्वाचं हे, की अळीचं वय म्हणजे मृत्यूची वेळ नव्हे. अळी सांगते की माझं अंडं इतक्या दिवसांपूर्वी या देहावर पडलं, म्हणजे माणूस त्याच्या आधी मेलेला होता. हा किमान काळ आहे. मृत्यू आणि अंडं यांच्या मधे पाऊस, रात्र, थंडी, बंद दार, घट्ट बांधलेली गाठ यांपैकी काहीही असू शकतं. अहवालात ‘मृत्यू 14 दिवसांपूर्वी झाला’ असं लिहिणारा तज्ज्ञ पहिल्याच उलटप्रश्नात अडकतो. ‘मृत्यू किमान इतक्या दिवसांपूर्वीचा’ हे वाक्य टिकतं.

खटला मँचेस्टरला 2 ते 13 मार्च 1936 असा चालला. बचावाची बाजू नॉर्मन बर्केट यांच्यासारख्या नामांकित वकिलाकडे होती. ज्यूरीने रक्स्टनला दोषी ठरवलं आणि 12 मे 1936 रोजी त्याला फाशी झाली. खटला जिंकला तो जुळणीमुळे: ठिगळाचा ब्लाउज, बुटात बसणारं पाऊल, रक्स्टनच्या पलंगावरच्या चादरीशी जुळणारा विणकामातला दोष, घरातलं रक्त, 17 सप्टेंबरला लँकेस्टर-मॉफॅट वाटेवर केंडलजवळ त्याच्या गाडीची सायकलस्वाराला बसलेली धडक. अळ्या त्या साखळीतली एक कडी होत्या. पण त्या कडीने पहिल्यांदाच ब्रिटनमधल्या पोलिसांना दाखवून दिलं की शवागारात धुऊन टाकायची घाण हा पुरावा असतो. त्यातल्या काही अळ्या आजही लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

मग शास्त्र उभं राहायला इतकी वर्षं का लागली

किडे आणि मृतदेह यांचं नातं 1935 मध्ये नवं नव्हतं. तेराव्या शतकात चिनी न्यायाधिकारी सोंग त्सी यांनी नोंदवलेला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे: खुनानंतर गावकऱ्यांचे विळे जमिनीवर मांडले, आणि न दिसणाऱ्या रक्ताच्या वासाने माश्या एकाच विळ्यावर बसल्या. फ्रान्समध्ये बर्जरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका बाळाच्या वाळलेल्या देहावरून काळ काढायचा प्रयत्न केला. मेग्नाँ यांनी 1894 मध्ये मृतदेहावर किडे आठ लाटांत येतात असं मांडलं. 1935 मध्येच अमेरिकेत लिंडबर्ग अपहरण खटल्यात लाकूडतज्ज्ञ आर्थर कोलर यांनी बाळाला पळवताना वापरलेल्या शिडीची एक फळी आरोपीच्या माळ्यावरच्या फळीचाच तुकडा आहे हे वर्षवलयांवरून आणि खिळ्यांच्या भोकांवरून दाखवलं. न्यायालयाने वनस्पतिशास्त्रज्ञाची साक्ष ऐकली. जेमतेम वर्षभराच्या अंतराने दोन देशांत प्राणी आणि झाड दोन्ही साक्षीला आले, तरी पुढची तीन दशकं फारशी हालचाल झाली नाही.

कारण आकडेवारीत आहे. मेग्नाँ यांच्या लाटा हे फ्रान्समधल्या विशिष्ट परिस्थितीचं वर्णन होतं. ते स्कॉटलंडच्या घळीला किंवा कोकणातल्या नाल्याला लावता येत नाही. प्रत्येक प्रदेशात कोणत्या माश्या, कोणत्या ऋतूत, किती तापमानात, किती वेगाने, याची स्वतःची तक्ते-वही लागते. ती भरायला मृत प्राणी उघड्यावर ठेवून रोज मोजत बसणारा माणूस लागतो. हे काम पोलिसांचं नाही, परिसंस्थाशास्त्राचं आहे, आणि तिथूनच ते आलं. 1965 मध्ये जेरी पेन यांनी साउथ कॅरोलायनात डुकराची मेलेली पिल्लं दोन प्रकारे ठेवली: काही उघडी, काही किड्यांपासून जाळीआड. उघड्यांचं जवळजवळ 90 टक्के वजन सहा दिवसांत गेलं. जाळीआडची आठवडेच्या आठवडे आकार धरून वाळत राहिली. मृतदेह कुजण्याचा वेग मुख्यतः किडे ठरवतात हे त्यातून इतकं स्वच्छ दिसलं की त्यानंतर ‘कुजण्यावरून अंदाज’ ही जुनी पद्धत पुन्हा पूर्वीसारखी राहिली नाही. 1981 मध्ये टेनेसी विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बास यांनी दान केलेल्या मानवी देहांवर हेच निरीक्षण सुरू केलं.

हाच हिशेब आपल्याकडे

मॉफॅटचे आकडे महाराष्ट्रात लागू होत नाहीत. आपल्याकडे देहावर प्रामुख्याने क्रायसोमिया मेगासेफाला आणि क्रायसोमिया रुफिफेसीज या उष्ण प्रदेशातल्या माश्या भेटतात. तापमान 28-30 अंशांच्या आसपास असेल तर पहिलीचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र दहा-बारा दिवसांत संपतं. दुसरीच्या अळ्या अंगावर काटेरी उंचवटे असलेल्या, आणि इतर अळ्यांना खाणाऱ्या. त्या पोचल्या की आधी आलेल्या जातीच्या अळ्या नाहीशा होऊ शकतात, आणि राहिलेल्यांवरून काढलेला काळ कमी भरतो. सार्कोफागा माश्या तर अंडं न घालता थेट जिवंत अळी सोडतात. तिथे अंड्याचा वेळ मोजला की हिशेब तेवढ्याने चुकतो. जुलैत सलग पावसात माश्या उडत नाहीत. मे महिन्यात विदर्भात उघड्यावरचा देह वाळून जातो आणि अळ्या उन्हात मरतात.

भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 39 नुसार तज्ज्ञाचं मत ग्राह्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 च्या पोटकलम 3 मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. तज्ज्ञ जागेवर येणार असेल तर नमुना त्यानेच घ्यावा, शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत थांबू नये. शवागाराच्या शीतकपाटात अळ्यांची वाढ मंदावते, आणि तो काळ हिशेबातून वेगळा काढावा लागतो.

घेण्याची पद्धत अशी. देहाला हात लावण्याआधी हवेचं तापमान छातीच्या उंचीवर, जमिनीचं पृष्ठभागावर, आणि अळ्यांच्या घोळक्याचं मधोमध, अशी तीन मापं. घोळका स्वतः तापतो. मोठा असेल तर भोवतालच्या हवेपेक्षा 10 अंशांहून जास्त, म्हणून हे माप सोडू नये. मग सर्वांत मोठ्या अळ्या आधी निवडायच्या, कारण त्या सर्वांत जुन्या, आणि नाक-तोंड, जखमा, गुंडाळीच्या घड्या अशा वेगवेगळ्या जागांवरून वेगळ्या डब्यांत. निम्म्या अळ्या उकळीला आलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मारायच्या आणि 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायच्या. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आकसते आणि काळवंडते, लांबीचं माप खोटं पडतं. फॉर्मेलीन वापरू नये, डीएनए खराब होतो. उरलेल्या निम्म्या जिवंत ठेवायच्या: हवा जाईल अशा डब्यात, ओलसर टिश्यू आणि कलेजीचा तुकडा घालून, प्रयोगशाळेत माशी बाहेर पडेपर्यंत. जातीची खात्री सर्वांत सोपी प्रौढ माशीवरून होते. अळीवरून क्रायसोमियाच्या जवळच्या जाती वेगळ्या करणं कठीण जातं.

मग माती. खाणं संपवलेल्या अळ्या देहापासून दूर सरपटतात आणि मातीत कोष करतात. तपकिरी, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखे कोष देहाखाली आणि भोवती काही मीटरपर्यंत, वरच्या 5-10 सेंटिमीटर मातीत शोधावे लागतात. रिकामा कोष सापडला तर एक पूर्ण पिढी उडून गेली आहे, आणि त्या देहावरच्या सर्वांत मोठ्या अळीचं वय मृत्यूच्या किमान काळासाठी निरुपयोगी ठरतं. हा शोध टाळला गेला की अहवालाचा सगळा पाया सरकतो.

शेवटी तापमानाचा लॉगर. अर्ध्या-अर्ध्या तासाला नोंद करणारं छोटं यंत्र त्याच जागी, त्याच सावलीत दहा दिवस ठेवायचं. त्याच दिवसांचे जवळच्या हवामान केंद्राचे आकडे घ्यायचे, दोन्हींतला नेहमीचा फरक काढायचा आणि तो फरक केंद्राच्या मागच्या आकड्यांना लावायचा. घळीत दोन अंश कमी, पत्र्याच्या शेडमध्ये सहा अंश जास्त, असं काहीही निघू शकतं. रक्स्टन खटल्यात अळ्या टिकल्या, पण हाच आकडा कोणाकडे नव्हता. लॉगर लावल्याची वेळ, जागेचा फोटो आणि दहा दिवसांनी तो काढायला कोण जाणार त्याचं नाव त्याच दिवशीच्या पंचनाम्यात लिहून ठेवावं.